जुना हॉट टब घेतला आहे : पाण्याची काळजी कुठून सुरू करावी?

प्रश्न : कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या उत्तरेला राहतो. शेजारचे कुटुंब नुकतेच फ्लोरिडाला राहायला गेले आणि जाताना त्यांनी आपला सहा आसनांचा हॉट टब आम्हाला बऱ्याच कमी किमतीत दिला. टबात साधारण ४०० गॅलन, म्हणजे सुमारे १५०० लिटर पाणी मावते. आतले कवच ॲक्रिलिकचे असून त्याला कुठेही तडा नाही. गेले वर्षभर मात्र तो रिकामा करून गॅरेजमध्ये ठेवलेला होता. आम्ही परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून २४० व्होल्टची स्वतंत्र जोडणी करून घेतली, मागच्या अंगणातील काँक्रीटच्या ओट्यावर टब बसवला आणि बागेच्या नळीने भरला. पंप आणि हीटर दोन्ही व्यवस्थित सुरू झाले, गळतीही दिसली नाही.

अडचण आली ती जेट, म्हणजे पाण्याचे जोरदार फवारे, सुरू केल्यावर. जेटच्या तोंडांतून काळसर, पातळ पापुद्र्यांचे तुकडे बाहेर पडू लागले, उकळून गाळलेल्या चहाच्या चोथ्यासारखे, आणि पाहता पाहता पृष्ठभागावर पिवळट फेसाचा जाड थर जमला. पाण्याला कुबट, बंद खोलीसारखा वास येतो. बोटाने आतली भिंत पुसली तर पाण्याच्या रेषेजवळ बुळबुळीत लागते. आम्ही अद्याप कोणीही टबात उतरलेलो नाही.

शेजाऱ्यांनी टबासोबत एक डबा ट्रायक्लोरच्या गोळ्या, कॅल्शियम हायपोक्लोराइट असे लिहिलेली अर्धी पिशवी पांढरी भुकटी आणि तपासणीच्या पट्ट्यांची मुदत संपलेली बाटली दिली आहे. ज्या दुकानात मी चौकशी केली, तिथे मला पाच-सहा वेगवेगळ्या बाटल्या घ्यायला सांगितले, पण कोणती बाटली कशासाठी आणि कोणत्या क्रमाने वापरायची, हे समजेल असे कोणी सांगितले नाही. आमच्याकडे विहिरीचे पाणी आहे, त्यात लोह आहे आणि घरात पाणी मृदू करणारे यंत्र बसवलेले आहे.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. येत्या जून महिन्यात आई-बाबा साताऱ्याहून चार महिन्यांसाठी येत आहेत. बाबा ७४ वर्षांचे आहेत, त्यांना दमा आहे आणि आईचे गुडघे दुखतात, म्हणूनच खरे तर हा टब घ्यायचा मोह झाला. मुलगी चार वर्षांची आहे. टब त्यांच्यासाठी सुरक्षित करता येईल का, की जुना टब घेण्याचा विचारच सोडून द्यावा? पाण्याची निगा शिकून घ्यायची माझी पूर्ण तयारी आहे, फक्त सुरुवात कुठून करावी ते कळत नाही.

उत्तर : विस्कॉन्सिनकर

टब सोडून देण्याचे काही कारण दिसत नाही, मात्र आज त्यात जे पाणी आहे ते सुधारण्याच्या खटपटीत पडू नका. तुम्ही वर्णन केलेले पापुद्रे म्हणजे बायोफिल्म आहे. टब रिकामा केला तरी त्याच्या पोटातील नळ्यांमध्ये, पंपाच्या घरट्यात आणि जेटच्या मागील वळणांमध्ये थोडे पाणी राहतेच, आणि त्या ओलीत जिवाणू स्वतःभोवती चिकट आवरण तयार करून वर्षभर सुखाने राहतात. पाण्यात घातलेले क्लोरीन त्या आवरणाच्या वरच्या थराशी झुंजण्यातच खर्ची पडते. वापरलेला टब घेणारे बहुतेक लोक इथेच फसतात. पाणी बदलतात, क्लोरीन घालतात, दोन दिवस सगळे नितळ दिसते आणि आठवडा संपण्याच्या आत पुन्हा तोच फेस आणि तोच वास. तेव्हा आधी नळ्या, मग पाणी.

नळ्या साफ करण्यासाठी बायोफिल्म सुटी करणारी खास जेल मिळते, ती पाणी टबात असतानाच वापरायची असते. त्यामुळे आत्ताचे घाण पाणी लगेच सोडू नका, ते याच कामाला येईल. डोके टेकायच्या उशा आणि जुना फिल्टर काढून ठेवा. फिल्टर वर्षभर पडून राहिला असेल तर तो धुण्यात वेळ घालवू नका, सरळ फेकून नवा आणा. पाणी गरम असू द्या, त्यात साधे ब्लीच (कपड्यांसाठी मिळणारे क्लोरीनचे द्रावण) घालून क्लोरीनची पातळी चढवा, मग डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात जेल घाला आणि सर्व जेट पूर्ण उघडून पंप वेगाने चालवा. टबावर जे झडपेचे मोठे खटके असतात, ज्यांनी पाणी एका बाजूच्या आसनांकडून दुसऱ्या बाजूला वळवता येते, ते अधूनमधून फिरवत राहा, कारण ज्या नळीतून पाणी वाहत नाही ती साफ होत नाही. हवेचे खटके आणि धबधब्यासारखी शोभेची तोटी असेल तर तीही उघडा.

अर्ध्या तासात पाण्याच्या रेषेवर तपकिरी किंवा हिरवट, मेणचट लगदा जमू लागेल. तो वाळू देऊ नका, जुन्या फडक्यांनी पुसत राहा आणि ती फडकी पुन्हा वापरू नका. हे करताना हातमोजे घाला, आणि जेटचे तुषार उडत असताना टबावर वाकून बसू नका. झाकण निम्मे ओढून घेतले तर तुषार कमी उडतात. लगदा येणे थांबले, की ब्रेकर बंद करून टब रिकामा करा. ब्रेकर आधी बंद करणे अत्यंत महत्त्वाचे आहे, कारण कोरड्या टबात हीटर किंवा पंप सुरू झाला तर तो जळतो. तळाशी पाय ठेवायच्या भागात आणि आसनांच्या खळग्यांत उरलेले पाणी ओल्या-सुक्या व्हॅक्यूमने काढा, आणि त्याच व्हॅक्यूमचे तोंड एकेका जेटवर दाबून नळ्यांमधलेही जमेल तितके ओढून घ्या. जेटची तोंडे बहुधा फिरवून बाहेर काढता येतात. ती काढून धुतली तर त्यांच्या मागे काय साठले होते ते डोळ्यांनी दिसेल.

त्यानंतर पुन्हा भरा आणि हाच प्रकार पुन्हा एकदा करा. तुमचा टब वर्षभर पडून होता, त्यामुळे पहिल्याच खेपेत सगळे निघेल अशी अपेक्षा ठेवू नये. जेल घालूनही पाण्यावर काही येत नाही असे दिसेपर्यंत हे चालू ठेवा. खर्च थोडा होईल, पण आयुष्यभर बाटल्या ओतत बसण्यापेक्षा तो कितीतरी कमी आहे.

भरताना नळीचे तोंड फिल्टरच्या खाचेत, खाली पंपाकडे जाणाऱ्या छिद्रात धरा. पाणी थेट नळ्यांमध्ये शिरते आणि हवा अडकून पंप नुसता घरघरत राहण्याची शक्यता कमी होते.

पाणी भरण्याआधी आणखी एक पाहणी करा. पायांजवळ पाणी ओढून घेणाऱ्या छिद्रांवरची जाळीदार झाकणे अभंग आणि घट्ट आहेत ना, हे हात लावून तपासा. अशा छिद्राच्या ओढीत अडकून २००२ मध्ये अमेरिकेत एका सात वर्षांच्या मुलीचा जीव गेला, आणि तिच्याच नावाने, व्हर्जिनिया ग्रेम बेकर कायदा म्हणून, २००७ मध्ये अशा झाकणांविषयीचा केंद्रीय कायदा झाला. झाकण तडकलेले असेल तर नवे बसेपर्यंत टब सुरू करू नये.

वरचे मोठे झाकणही उचलून पाहा. दोन माणसांना जड जात असेल, तर आतील फोममध्ये पाणी मुरले आहे असे समजा. असे झाकण उष्णता धरत नाही आणि त्याच्या खालच्या बाजूला बुरशी धरते. झाकण बदलावे लागले तर तो खर्च टबाच्या किमतीतच धरावा.

रसायनांबद्दल माझी पद्धत सांगतो. पाणी नवीन असताना मी डायक्लोर नावाच्या क्लोरीनची भुकटी वापरतो आणि थोड्या दिवसांनी साध्या ब्लीचवर येतो. ट्रायक्लोरच्या गोळ्या टबात कधीही टाकू नयेत. त्या तीव्र आम्लधर्मी असतात, आसनावर पडलेली गोळी ॲक्रिलिकवर कायमचा डाग पाडते आणि हीटरचा धातू कुरतडते.

उत्तर : क्षारमापी

मी पुण्यात औद्योगिक जलशुद्धीकरणाच्या क्षेत्रात काम करतो. विस्कॉन्सिनकर यांनी सांगितलेला क्रम अगदी योग्य आहे. रसायनांबाबत थोडे सविस्तर लिहितो, कारण प्रश्नातील एका तपशिलाने मी दचकलो.

शेजाऱ्यांनी दिलेले ते दोन पदार्थ, म्हणजे ट्रायक्लोर आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट, एकमेकांच्या संपर्कात कदापि येता कामा नयेत. दोन्ही ‘क्लोरीन’ म्हणूनच विकले जातात, त्यामुळे ते सारखेच आहेत असा समज होतो. प्रत्यक्षात ते एकत्र आले, विशेषतः थोड्याशा ओलाव्यात, तर विषारी वायू, आग आणि स्फोट होऊ शकतो. दोघांसाठी एकच मापाचा चमचा वापरणेही धोक्याचे आहे. आजच ते वेगवेगळ्या जागी, कोरड्यात ठेवा आणि दोन्ही आपल्या काउंटीच्या घरगुती घातक कचरा संकलन केंद्रात नेऊन द्या. त्यांच्याशिवाय तुमचे काहीही अडणार नाही. हाच नियम आम्लालाही लागू आहे. आम्ल आणि ब्लीच एकापाठोपाठ ओतू नका, मध्ये पंप चालू ठेवून पाणी फिरू द्या, आणि नेहमी रसायन पाण्यात घाला, रसायनाच्या डब्यात पाणी कधीही घालू नका.

आता क्लोरीनविषयी. पाण्यातील जंतू मारते ते हायपोक्लोरस आम्ल. पाण्याचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा, तो जितका कमी तितके पाणी अधिक आम्लधर्मी) साधारण ७.५ असताना क्लोरीनचा जवळपास निम्मा भाग या रूपात असतो, पीएच वाढत गेला की हे प्रमाण झपाट्याने घटते. म्हणून पीएच सांभाळणे हे त्वचेच्या सुखापुरते नाही, क्लोरीन किती काम करते ते त्यावरच ठरते. अमेरिकेतील सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या शिफारशीनुसार हॉट टबात क्लोरीन किमान ३ पीपीएम (दहा लाख भाग पाण्यात तीन भाग), किंवा ब्रोमीन ४ ते ८ पीपीएम, आणि पीएच ७.० ते ७.८ असावा. तरणतलावाला १ पीपीएम क्लोरीन पुरते आणि टबाला तिप्पट लागते, याचे कारण उष्णता, हवेचे बुडबुडे आणि माणशी असलेले पाण्याचे अत्यल्प प्रमाण हे आहे. चार माणसे १५०० लिटरच्या टबात बसतात, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला ४०० लिटरही पाणी येत नाही.

डायक्लोरबद्दल मात्र माझे मत विस्कॉन्सिनकरांपेक्षा थोडे वेगळे आहे. डायक्लोर आणि ट्रायक्लोर या दोहोंतून क्लोरीनसोबत सायन्युरिक ॲसिड पाण्यात उतरते. डायक्लोरने क्लोरीन १० पीपीएम वाढवले तर सायन्युरिक ॲसिड सुमारे ९ पीपीएम वाढते. क्लोरीन दिवसभरात खर्च होते, हे ॲसिड मात्र साठत जाते. ते क्लोरीनला धरून ठेवते, म्हणून उघड्यावरच्या तलावात उन्हापासून क्लोरीन वाचवण्यासाठी त्याचा उपयोग होतो. झाकलेल्या टबाला ऊन लागतच नाही, आणि इथे तेच ॲसिड जंतुनाशाचा वेग कमी करते. महिनाभर केवळ डायक्लोर वापरणाऱ्याच्या पट्टीवर क्लोरीन ३ दिसते, पण ते पूर्वीइतके काम करीत नसते. अनुभवी मंडळी सुरुवातीला २०-३० पीपीएमपर्यंत सायन्युरिक ॲसिड मुद्दाम येऊ देतात, कारण त्यामुळे क्लोरीनचा उग्रपणा कमी होतो आणि झाकण टिकते, हे मला ठाऊक आहे आणि निरोगी तरुण जोडप्याच्या टबात मी त्याला हरकत घेतली नसती. सीडीसी मात्र हॉट टबात सायन्युरिक ॲसिड वापरूच नये असे सांगते, आणि ज्या घरात ७४ वर्षांचे दम्याचे रुग्ण येणार आहेत, तिथे मी हाच सल्ला देईन. पहिल्या दिवसापासून साधे ब्लीच वापरा.

ब्लीच घेताना सुगंधी, घट्ट केलेले किंवा ‘शिंतोडे न उडणारे’ घेऊ नका, त्यातील साबणासारखी द्रव्ये फेस करतात. लेबलावर सोडियम हायपोक्लोराइटची टक्केवारी पाहा. साडेसात टक्क्यांचे ताजे ब्लीच २० मिलिलिटर घातले, की तुमच्या १५०० लिटरमध्ये क्लोरीन साधारण १ पीपीएमने वाढते. हा आकडा पाठ करून ठेवा, बाकीचे गणित त्यावरूनच होते. महिनोन्‌महिने उन्हात ठेवलेल्या बाटलीची ताकद घटते, तेव्हा लहान बाटली घ्या आणि सावलीत ठेवा.

नळ्या साफ झाल्यावर शेवटचे ताजे पाणी भराल, तेव्हा कोणी उतरण्याआधी एकदा जोरदार मात्रा द्यावी. लेजिओनेला हा फुप्फुसांचा आजार करणारा जिवाणू सापडलेल्या टबांसाठी २० पीपीएम क्लोरीन दहा तास फिरवत ठेवण्याची पद्धत आहे. वरच्या हिशेबाने तुम्हाला त्यासाठी सुमारे ४०० मिलिलिटर ब्लीच लागेल. मात्रा घालून पाणी मिसळले की जेट बंद ठेवा, फक्त मंद अभिसरण चालू द्या, आणि मधूनमधून मोजून पातळी घसरली असेल तर भर घाला. या काळात झाकण थोडे उघडे ठेवा, नाहीतर साठलेल्या वायूने झाकणाची खालची बाजू खराब होते. त्यानंतर पातळी ५ पीपीएमखाली उतरेपर्यंत कोणी उतरू नये.

मोजण्यासाठी पट्ट्यांवर विसंबू नका. थेंब मोजण्याचा संच घ्या, टेलर कंपनीचा के-२००६ हा त्यासाठी सर्वत्र मिळतो. नळकांड्यात १० मिलिलिटर पाणी घ्यायचे, चिमूटभर भुकटी घातली की ते गुलाबी होते, मग एकेक थेंब टाकून हलवत राहायचे. रंग पूर्ण नाहीसा होईपर्यंत जितके थेंब लागले, त्याच्या निम्मे म्हणजे क्लोरीनचे पीपीएम. सहा थेंब म्हणजे ३ पीपीएम. रंगाच्या छटा जुळवत बसण्याची गरज नाही, त्यामुळे संध्याकाळच्या उजेडात आणि वयस्कर डोळ्यांनाही ही चाचणी जमते.

उत्तर : डेल्फ्टवासी

मी नेदरलँड्समध्ये सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. बाबांच्या संदर्भात काही गोष्टी स्पष्टपणे सांगणे मला आवश्यक वाटते.

हॉट टबाच्या पाण्यातून साधारणतः दोन प्रकारचे त्रास होतात. पहिला त्वचेचा. स्यूडोमोनास नावाच्या जिवाणूमुळे पोहण्याच्या कपड्यांखाली खाजणारे लाल पुरळ येते, ते बहुतेक वेळा आपोआप बरे होते. दुसरा फुप्फुसांचा, आणि तो गंभीर आहे. लेजिओनेला हा जिवाणू साधारण २५ ते ४५ अंश सेल्सियसमध्ये वाढतो, म्हणजे टबाचे ३८ ते ४० अंश तापमान त्याला मानवते, आणि बायोफिल्म हे त्याचे आश्रयस्थान आहे. तो पाणी पिऊन होत नाही. जेटच्या बुडबुड्यांतून उडणारे सूक्ष्म तुषार श्वासावाटे आत गेले की होतो. त्यासाठी टबात उतरण्याचीही गरज नसते. १९९९ मध्ये आमच्या इथे बोव्हेनकार्स्पेल गावच्या पुष्पप्रदर्शनात मांडलेल्या फेसाळत्या टबामुळे साथ पसरली आणि किमान ३२ माणसे दगावली. ती केवळ प्रदर्शन पाहायला आलेली माणसे होती. २०१९ मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या एका जत्रेत तशाच मांडलेल्या टबांशी जोडलेल्या साथीत १३० हून अधिक जण आजारी पडले आणि चौघांचा मृत्यू झाला. याच जिवाणूच्या सौम्य, फ्लूसारख्या आजाराला पाँटिॲक फिव्हर म्हणतात. १९६८ मध्ये त्याची साथ आली ते पाँटिॲक तुमच्याच भागात, डेट्रॉइटच्या वायव्येला आहे.

हे घाबरवण्यासाठी लिहीत नाही. मोजून क्लोरीन ठेवलेल्या, नळ्या साफ असलेल्या घरगुती टबात ही शक्यता खूपच कमी असते. परंतु पन्नाशीपुढचे वय आणि फुप्फुसाचा जुना आजार या दोन्ही गोष्टी धोका वाढवणाऱ्या आहेत, आणि बाबांच्या बाबतीत त्या दोन्ही आहेत. म्हणून सफाई चालू असताना ते घरी असतील तर त्यांना अंगणात येऊ देऊ नका. टबात उतरण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या. त्यांना उतरायचेच असेल तर जेट आणि हवेचे खटके बंद ठेवून, ४० अंशांपेक्षा बरेच कमी तापमान ठेवून थोडा वेळ बसू द्या. आईंच्या गुडघ्यांना शेक मिळायला जेटची गरज नाही, कोमट पाणी पुरते. टबात बसल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत ताप, खोकला, धाप लागणे असे काही झाले तर डॉक्टरांना टबाचा उल्लेख आवर्जून करा, कारण तो केला नाही तर लेजिओनेलाची चाचणी लगेच केली जाईलच असे नाही.

पाच वर्षांखालील मुलांना हॉट टबात उतरवू नये अशी सीडीसीची शिफारस आहे. मुलीला अजून एक वर्ष थांबवावे. लहान मुलांचे शरीर लवकर तापते आणि पाणी तोंडात जाण्याची शक्यताही त्यांच्यातच जास्त. टबाच्या झाकणाला कुलूपाचे पट्टे असतील तर ते रोज लावा.

प्रतिसाद : कोयनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. ट्रायक्लोर आणि ती भुकटी त्याच दिवशी वेगळी केली आणि संकलन केंद्रात देऊन आलो. जेल वापरली. पहिल्या खेपेला जो लगदा वर आला तो पाहून पत्नीने टब परत द्यावा असेच म्हटले होते, पण नंतरच्या खेपांना तो कमी कमी होत गेला आणि शेवटी पाण्यावर नुसता पांढरा फेस उरला. जेट फिरवून काढले तेव्हा त्यांच्या मागे काळा, तुळतुळीत थर होता, तोही धुतला. शोषणाची झाकणे शाबूत आहेत.

आता नवीन अडचण. ताजे पाणी भरून ब्लीच घातले आणि अर्ध्या तासात सगळे पाणी चहाच्या रंगाचे झाले. वास मात्र मुळीच नाही. हे बायोफिल्मच आहे का? शिवाय पीएच सारखा वर जातो. आज ७.४ वर आणला तर परवा ८ दिसतो. आणि टब किती दिवसांनी रिकामा करावा?

उत्तर : विस्कॉन्सिनकर

ती बायोफिल्म नाही, तुमच्या विहिरीतील लोह आहे. विरघळलेले लोह दिसत नाही, क्लोरीन लागताच त्याचा गंज होऊन रंग उमटतो. अमेरिकेतील घरांत बाहेरच्या भिंतीवरचा नळ बहुधा मृदूकरण यंत्राच्या आधीच जोडलेला असतो, त्यामुळे तुम्ही कच्चे विहिरीचे पाणी भरले असावे. हे पाणी फेकू नका. उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस फिल्टरच्या खाचेत, पाणी आत ओढले जाते तिथे, जाळीच्या पिशवीत घालून ठेवा आणि पंप चालू द्या. कापूस विटकरी होत जाईल तसा बदला. कापसाचा धागा पंपात जाणार नाही एवढी काळजी घ्या. पाणी नितळ झाल्यावर फिल्टर धुऊन घ्या.

पुढच्या वेळी नळीला लावायचा गाळणी-फिल्टर वापरा किंवा घरातील मृदू केलेले पाणी घ्या. मात्र पूर्णपणे मृदू पाणी नको. त्यात कॅल्शियम जवळजवळ नसते, त्यामुळे फेस फार होतो. दोन्ही मिसळून कॅल्शियमचा कठीणपणा १५० पीपीएमच्या आसपास आणा. लोणावळ्याच्या आमच्या घरी बोअरच्या पाण्याने याच्या उलट होते, तिथे हीटरवर पांढरे क्षार बसतात.

उत्तर : क्षारमापी

पीएच वर जातो, कारण पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड जेटच्या हवेबरोबर निघून जातो. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता) जितकी जास्त, तितका हा वायू अधिक आणि चढ वेगवान. दुकानात ८० ते १२० पीपीएम सांगतात, पण केवळ ब्लीच वापरणाऱ्याने ती ५० ते ६० वर ठेवली तर पीएच पुष्कळच स्थिरावतो. ड्राय ॲसिड (पीएच उतरवणारी आम्लधर्मी भुकटी) थोडेथोडे घालून पीएच ७.२ पर्यंत आणा, मग हवेचे खटके उघडून जेट चालवा म्हणजे पीएच पुन्हा चढेल, आणि पुन्हा ॲसिड घाला. प्रत्येक फेरीत अल्कलिनिटी खाली येते. फार खाली गेली तर खाण्याचा सोडा आहेच, तुमच्या टबात २५ ग्रॅम सोड्याने ती १० पीपीएमने वाढते. पीएच ७.८ च्या आत असेल तर रोज त्याच्यामागे लागू नका.

रोजच्या वेळापत्रकाविषयी सांगायचे तर क्लोरीन उतरण्यापूर्वी मोजा आणि बाहेर पडल्यावर लगेच घाला. तापलेल्या टबात एक माणूस तासभर बसला, तर सुमारे ७ पीपीएम क्लोरीन खर्च होते असा अनुभवाचा हिशेब आहे. दोघे अर्धा तास बसलात तरी तेवढेच, म्हणजे १४० मिलिलिटर ब्लीच. कोणी बसले नाही तरी रोज मोजावे, कारण गरम पाण्यात ते आपसूकही घटते. टबाला ‘क्लोरीनचा फार वास’ येऊ लागला तर ते जास्त झाले असे समजू नका. तो वास घामाशी जोडल्या गेलेल्या क्लोरीनचा असतो, आणि त्यावर उपाय क्लोरीन कमी करणे नसून झाकण उघडे ठेवून अधिक घालणे हा आहे.

पाणी बदलण्यासाठी एक सोपे सूत्र आहे : गॅलनला तीनने भागा आणि रोज बसणाऱ्या माणसांच्या संख्येने पुन्हा भागा. तुमचे ४०० गॅलन आणि रोज दोन माणसे धरली तर सुमारे ६६ दिवस. आई-बाबा असताना चौघे बसलात तर महिन्याच्या आसपास येते. प्रत्येक वेळी रिकामा करण्याआधी जेल वापरा, जुन्या टबात ती सवय सोडू नये. फिल्टर आठवड्याला नळीखाली घडी घडी उघडून धुवा, आणि महिन्यातून एकदा फिल्टर साफ करण्याच्या द्रावणात रात्रभर भिजवून ठेवा. एक जास्तीचा फिल्टर घेतला की टब थांबवावा लागत नाही. पाणी सोडताना क्लोरीन शून्यावर आल्याची खात्री करा आणि ते ओढ्यात किंवा पावसाच्या गटारात नव्हे, तर आपल्या गावच्या नियमाप्रमाणे सोडा.

आपल्या घरांसाठी एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. आईंना आंघोळीपूर्वी डोक्याला खोबरेल तेल लावायची सवय असेल तर टबाच्या दिवशी ते टाळायला सांगा, किंवा आधी शिकेकाईने अथवा शाम्पूने केस स्वच्छ धुऊन, पूर्ण निथळून मग उतरू द्या. गुडघ्यांना चोळलेले औषधी तेलही धुऊन घ्यावे. तेल फिल्टरच्या घड्यांत बसते, पाण्याच्या रेषेवर चिकटते आणि क्लोरीन फस्त करते. पोहण्याचे कपडे साबणाने न धुता नुसत्या पाण्यात खळबळावेत, कारण कापडात राहिलेला साबण टबात फेस करतो. उतरण्यापूर्वी सर्वांनी शॉवर घेतला तर वर सांगितलेला क्लोरीनचा खर्चही कमी होईल.

हिवाळ्याचा विचार आत्ताच करून ठेवा. मिशिगनमध्ये डिसेंबर ते मार्च टब रिकामा करणे अवघड असते, नळ्यांत राहिलेले पाणी गोठून नळी फुटते. त्यामुळे शेवटचा बदल नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उरकून घ्या आणि त्यानंतर टब चालूच ठेवा. वीज खंडित झाली तर झाकण न उघडता ठेवा, चांगले झाकण असेल तर पाणी बरेच तास गरम राहते.